सव्वीस नग

सरूकाकींनी राखणीची काठी आमच्या दाराला टेकवली आणि त्या पायरीवरच बसल्या. एरवी काठी ठेवली की माणूस मुकाट आपल्या घरी जातं. काठी ज्याच्या दारात, उद्या वाडीची गुरं राखायची त्याने, त्यात बोलण्यासारखं काही नसतं. पण आत आबा, म्हणजे माझे सासरे, खाटेवर पडलेले, डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. आणि घरात दुसरं माणूस मी. म्हणजे सरूकाकींच्या मते कोणीच नाही.

"आता गो काय करतलंस?" त्यांनी विचारलं.

मी काठी उचलून बघितली. चांगली जड होती, आणि माझ्याहून वीतभर उंच. बाजारात जाऊन येते म्हणावं तशा सुरात मी म्हटलं, "जाईन की मी."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि त्या हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या. मला राग आला. मला तेव्हा फार लवकर राग यायचा. आता वय झालंय, आता जरा सावकाश येतो.

ही एकोणऐंशीच्या श्रावणातली गोष्ट. मी मूळची मिरजेची, पार्सल कारकुनाची मुलगी. वडील स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते आणि आमच्या घरात सगळ्या जगाचे 'नग' व्हायचे. लग्नकार्याला निघालो की आई, मी, दोन भाऊ आणि तीन पिशव्या मिळून सात नग. नग मोजून घ्यायचे, खूण लिहून ठेवायची, मोजून द्यायचे, म्हणजे माणसाला आयुष्यात कोणी बोल लावत नाही, असं वडील सांगायचे. मी ते शिकून टेंबवाडीला सून म्हणून आले, त्याला दहा महिने झाले होते. हे वीज मंडळात वायरमन, कणकवलीला. शनिवारी यायचे, आणि पावसात तारा तुटल्या की तेही नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तेव्हा घरात आबा, मी आणि हरणी.

हरणी म्हणजे आमची एकुलती एक गाय. बुटकी, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. सासूबाईंनी वाढवलेली. आबा माझ्याशी दिवसाला चार वाक्यं बोलायचे, हरणीशी चाळीस. आधी मला त्याचा राग यायचा. मग सांगायचं तरी कोणाला म्हणून मीही तिच्याशीच बोलायला लागले, आणि बघता बघता ती माझी कधी झाली ते कळलंसुद्धा नाही.

आता वाडीचा नियम सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भात पेरलं की कापणी होईपर्यंत एकही जनावर मोकळं सोडायचं नाही. सगळ्या वाडीची गुरं एकत्र करून सड्यावर न्यायची, म्हणजे वर तो कातळाचा मोठा माळ आहे तिथे, आणि राखायला रोज एका घरचं माणूस. हा दिवस कोणाशी बदलून घ्यायचा नाही, भाड्याने माणूस लावायचा नाही, घरचंच माणूस पाहिजे. आणि दिवेलागणीला सगळी गुरं दावणीला लागली पाहिजेत. नाही लागली तर राखण फुकट गेली. आणि एक राखण फुकट गेली की ते घर त्या वर्षापुरतं बाहेर, त्यांनी आपलं जनावर आपल्या दारात बांधून घालावं. ज्यांच्याकडे गवताची जमीन आहे त्यांना ते जमतं. आमच्याकडे गवताचं पातं नव्हतं, आणि कापून आणणारा माणूस खाटेवर.

आबांना हे पाय मोडला त्याच क्षणी कळलं होतं. काठी दारात आली तशी ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पाठवून देवया तिका." कुडाळकडे त्यांच्या मेहुण्याकडे गवत मुबलक होतं. हरणीला तिकडे द्यायची, म्हणजे कायमची द्यायची. दिलेली गाय कोणी परत मागत नाही. त्या संध्याकाळी ते हरणीशीही बोलले नाहीत.

मी काठी घेतली आणि तडक दाजी घाड्यांच्या ओट्यावर गेले. दाजी आमच्या वाडीचे गावकर. वाडीचे सगळे नियम त्यांच्या डोक्यात, आणि चेहरा असा की हसणंही त्यांच्याकडे नियमानेच चालत असावं. मी डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले आणि उद्या राखणीला मी जाणार म्हणून सांगितलं.

ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "राखणीक बायलमाणूस कधी गेला नाय."

"जाऊ नये असा नियम आहे का?"

अडकित्ता थांबला. दाजींनी खरोखर विचार केला, हे मला आजही त्यांच्या बाजूने सांगावंसं वाटतं. दुसरा असता तर 'आहे' म्हणून मोकळा झाला असता. त्यांनी आपल्या बापाच्या काळापासूनचं सगळं आठवून बघितलं असावं. "नाय," ते म्हणाले. "असो नियम नाय."

"मग मी घरचंच माणूस आहे," मी म्हटलं आणि ते आणखी काही आठवायच्या आत निघाले.

घरी येऊन मी वही काढली. शंभर पानी, रेघांची. कंदील घेऊन वाडीतल्या प्रत्येक गोठ्यात गेले आणि एकेका गुराचं नाव, रंग, शिंग, शेपूट, सगळं शाईने लिहून घेतलं. तांबू, उजवं शिंग वाकडं. चांदी, पांढरी, कानाला कातर. बायका दारात उभ्या राहून हसत होत्या. सरूकाकींनी तर विचारलं की त्यांच्या वासराचं शाळेत नाव घालायचंय का. मी लक्ष दिलं नाही. सव्वीस नग झाले. शेवटचा नग दाजींच्या गोठ्यातला, पोवळी. लाल, भरलेली, डोळ्याभोवती काळं काजळ.

पोवळीचं मला आधीपासून ठाऊक होतं, सगळ्यांनाच होतं. सड्याच्या पलीकडे धुरेवाडी. तीन वर्षांपूर्वी ही कालवड होती, आणि कापणीनंतर गुरं मोकळी सोडलेली असताना एका संध्याकाळी ती दाजींच्या गोठ्यात शिरून बसली. दाजी म्हणाले माझी आहे. धुरेवाडीचा राघोबा धुरी म्हणाला माझी. दोघांच्याही कालवडी तेव्हा हरवलेल्या होत्या, दोन्ही लाल, आणि दोन्ही एकाच बैलाच्या. दुसरी कालवड पुढे कधी सापडलीच नाही. मग धुरेवाडीने आमची दोन गुरं पकडून ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात घातली, आमच्यांनी त्यांची तीन घातली. तेव्हापासून दोन्ही वाड्यांचं बोलणं बंद. सड्यावर मधोमध चिऱ्याचे पाच दगड मांडले. इकडे आमची गुरं चरणार, तिकडे त्यांची. गुरांना मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सव्वीस नग घेऊन सड्यावर चढले. डोक्यावर इरलं, कमरेला सुंभाचा तुकडा, पिशवीत भाकरी आणि वही. आणि सांगू का, मला इतकं छान वाटलं म्हणून सांगू. लग्नानंतर पहिल्यांदा मी घराबाहेर एवढा वेळ एकटी होते. कातळावर हिरवंगार गवत, मधून मधून पाण्याची डबकी, पिवळी जांभळी फुलं पायाखाली. मी पदर खोचला आणि मोठ्याने गाणं म्हटलं. हरणी मान वर करून बघत राहिली. तिने मला असं कधी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं.

दगडांच्या पलीकडे धुरेवाडीचा राखणदार दिसला. नेमका राघोबा धुरीच. साठीचा, काटक माणूस. त्याने मला पाहिलं, काठी पाहिली, पुन्हा मला पाहिलं, आणि पाठ फिरवून बसला. दुपारी जेवला आणि इरल्याखाली आडवा झाला. घोरणं इकडे ऐकू येत होतं. मी मनात म्हटलं, झोप बाबा, आमच्याकडे राखण अशी नाही चालत. दर तासाला मी वही काढून हजेरी घेत होते.

तीनच्या सुमाराला धुकं उतरलं. सड्यावरचं धुकं कसं असतं ते मला ठाऊक नव्हतं. चार हातांवरची गाय दिसेना. वर पाऊस लागला. गुरं पावसाने बिथरून सरकायला लागली, माझी पलीकडे, त्यांची अलीकडे, आणि मी दगडांपाशी पोचले तोवर तिथे नुसता काला झाला होता. पन्नास ओली गुरं. ओली झाली की पांढरी करडी दिसते, तांबडी काळी दिसते, हे वहीत लिहिलेलं नव्हतं. मी राघोबाला हाका मारल्या. घोरण्याचा आवाजही पावसाने बंद केला होता.

आणि वही उघडली तर शाई वाहून गेलेली. सव्वीसपैकी नऊ ओळी वाचता येत होत्या. तांबू, उजवं शिंग. पुढे निळा डाग.

अशा वेळी मुकाट बसून राहायचं असतं, हे वाडीतलं पाच वर्षांचं पोर सांगेल. मी पार्सल कारकुनाची मुलगी. मी नग निवडायला घेतले. हरणी ओळखली, ती धावतच आली. नऊ खुणा जुळवल्या. बाकीची डोळ्यांवर विश्वास ठेवून काढली. ही आपली वाटते, हिचं तोंड ओळखीचं आहे. एक एक करून काठीने वेगळी केली, मोजली, पुन्हा मोजली. सव्वीस. इतका आनंद झाला की मी हरणीच्या गळ्यात पडले. मग हाकारे घालत त्यांना खाली घेऊन निघाले. गुरं काही सुखाने येत नव्हती, निम्मी मागे वळून वळून हंबरत होती. मला वाटलं, माझ्यासारखीच आहेत, घरी जायचं यांच्या जिवावर येतंय.

वाडीच्या पाणंदीत शिरलो तेव्हा उजेड बराच होता. बायका दारात उभ्या. रोज गुरं आली की आपापल्या गोठ्याकडे आपोआप वळतात. हरणी वळली, तांबू वळली, आणखी काही वळली. उरलेली पाणंदीत उभी राहून मोठमोठ्याने ओरडायला लागली. सरूकाकी पुढे आल्या, एका गाईच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

दाजी ओट्यावरून उतरून आले.

"सव्वीस आहेत," मी म्हटलं. "मोजून घ्या."

त्यांनी मोजली. एकेकीच्या पाठीवर हात ठेवत सावकाश मोजली. "सव्वीस आसत," ते म्हणाले. "पन आमची पंधराच. ही अकरा धुरेवाडीची." मग त्यांनी पुन्हा एकदा पाणंदीतून नजर फिरवली, आणि त्यांचा आवाज बदलला. "पोवळी खंय?"

पोवळी नव्हती. आमची अकरा वर सड्यावर राहिली होती, त्यात पोवळी. आणि वर होता राघोबा धुरी. माणसं हळूहळू काठ्या घेऊन बाहेर यायला लागली. मला काय दिसलं सांगू? हरणी कुडाळच्या वाटेला लागलेली दिसली, आणि आबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले.

"दिवेलागणीला अजून वेळ आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मी ही परत नेते आणि आपली घेऊन येते. हरणी आणि बाकीची चौदा तुम्ही बांधून घ्या."

मी अकरा गुरं वळवली. ती आता शहाण्यासारखी चालली, कारण घराची दिशा होती. मागे दाजी, आणि त्यांच्या मागे आठ-दहा जण. टेंबवाडीची एवढी माणसं तीन वर्षांत पहिल्यांदा दगडांकडे चालली होती, आणि ती काही हळदीकुंकवाला चाललेली नव्हती.

वर पोचलो तर धुकं विरलेलं, पाऊस थांबलेला, पश्चिमेला आभाळ पिवळं झालेलं. आणि पलीकडून राघोबा धुरी येत होता, पुढ्यात आमची अकरा गुरं, मागे त्याच्या वाडीची माणसं, त्यांच्याही हातांत काठ्या. झालं होतं ते असं, की त्याला जाग आली तेव्हा त्याने धुक्यात आपली गुरं मोजली. चोवीस हवी होती, चोवीस होती. त्याचेही नग बरोबर. तोही आनंदाने घरी गेला होता, आणि त्याच्याही वाडीत बायकांनी पदर तोंडाला लावले होते.

दगडांपाशी दोन्ही बाजू थांबल्या. राघोबाने अकरांतून एक गाय पुढे घातली. पोवळी होती. तो दाजींकडे न बघता म्हणाला, "पयली ही घेवा. माझ्या दारात येऊन उभी रवली, तरी घेऊन इलंय. मी चोर नाय."

तीन वर्षं ज्या गाईसाठी त्याने भांडण केलं, ती त्याच्या दारात आपणहून गेली होती, आणि तो तिला घेऊन सडा चढून आला होता. दाजींना ते कळलं. त्यांनी काठी बगलेत धरली. "तुका चोर कोण म्हणता?" ते म्हणाले. म्हणत तर सगळेच होते, ते स्वतःही. पण तेव्हा ते खऱ्या मनाने बोलले.

मग गुरं वेगळी करायला घेतली, आणि पुन्हा तोच गोंधळ. इकडून आठ माणसं हाकारतायत, तिकडून दहा, गुरं मध्ये गरगर फिरतायत. मी ओली वही काढली, तेव्हा राघोबा कपाळावर हात मारून म्हणाला, "ता पुस्तक आत ठेव गो बाय. सगळ्यांनी काठये खाली ठेवा आणि बसा. गुरांका आपला घर म्हाईत आसा."

सगळे बसले. टेंबवाडी इकडे, धुरेवाडी तिकडे, ओल्या कातळावर उकिडवे. आणि गुरं थांबली. एकीने कान हलवले आणि ती पलीकडे चालू लागली. एक इकडे आली, माझ्या खांद्याला घासून वाडीच्या वाटेला लागली. मग दुसरी, मग जोडीने दोघी. कोणी काही केलं नाही. माणसांच्या मधून वाट काढत गुरं आपापल्या घरी गेली, आणि आम्ही बघत राहिलो. मला इतकं हलकं वाटलं की मघाशी सड्यावर गायलेलं गाणं पुन्हा तोंडात आलं. ते मी मोठ्या कष्टाने गिळलं.

शेवटी एक उरली. पोवळी.

ती दगडांच्या मधोमध उभी होती. दाजी तिच्याकडे बघत होते, राघोबाही. ती दोन पावलं इकडे आली. आमच्याकडे हालचाल झाली. मग ती दोन पावलं तिकडे गेली. मग परत फिरली, दोन चिऱ्यांच्या मधली जागा हुंगली, पुढचे गुडघे टेकले, आणि बूड टेकवून तिथेच बसली. डोळे मिटले आणि रवंथ करायला लागली.

मी हसले. सून म्हणून असं दोन वाड्यांच्या पुरुषांपुढे हसायचं नसतं, मला ठाऊक होतं. पण सकाळपासूनची भीती, पाऊस, ती वही, सगळं एकदम बाहेर पडलं आणि मी पोट धरून हसले. मग राघोबा हसला, त्याचे पुढचे दोन दात नव्हते. मग सगळेच. आणि दाजी घाडी, ज्यांना मी दहा महिन्यांत हसताना पाहिलं नव्हतं, ते गुडघ्यांवर हात ठेवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पोवळीने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

हसता हसता दाजींची नजर खाली वाडीकडे गेली. एका घरात दिवा लागला होता. ते हळूहळू हसायचे थांबले.

"दिवेलागण झाली," ते म्हणाले. त्यांना ते सांगायला वाईट वाटत होतं, पण ते सांगणार होते. "बाकीची गुरां घराक पोचतत, थंय बायका बांधतत. पन ही दावणीक लागली नाय."

माणसांनी पोवळीला उठवायला बघितलं. शेपूट पिरगाळली, गवत दाखवलं. ती जागची हलली नाही. आणि हलली असती तरी खाली पोचायला अर्धा तास लागला असता. एका गाईपायी माझी हरणी जाणार होती. मला रडू यायला लागलं आणि त्याचबरोबर रागही. मघाशी सांगितलं ना, फार लवकर यायचा.

"दाजी," मी म्हटलं, "दावण कुठे असावी असा नियम आहे का?"

त्यांनी विचार केला. दोन्ही वाड्या त्यांचा विचार होण्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

"गोठ्यातच असली पाहिजे, असा?" मी पुन्हा विचारलं.

"नाय," दाजी सावकाश म्हणाले. "दावणीक लागली पाहिजेत, इतक्याच."

मी कमरेचा सुंभ सोडला. एक टोक पोवळीच्या गळ्यात बांधलं, दुसरं मधल्या चिऱ्याभोवती गुंडाळलं, तीन वेढे. सुंभ भिजलेला, गाठ बसेना. दाजी चालत आले आणि माझ्या डोक्याशी उभे राहिले. आता हे काय म्हणतायत म्हणून मी मान वर केली नाही.

"गाठ घट्ट मार," ते म्हणाले. "सुटली तर राखण गेली."

मी गाठ मारली. दाजींनी वाकून ती ओढून बघितली आणि राघोबाला सांगितलं की टेंबवाडीची सगळी गुरं दावणीला लागली, तावड्यांची, म्हणजे आमची, राखण पुरी झाली, तू साक्षीदार. राघोबाने मान डोलावली. तीन वर्षांत दोन्ही वाड्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

पोवळीला सड्यावर एकटी ठेवायची सोय नव्हती, त्या पावसात बिबट्या दोनदा दिसला होता. दाजी म्हणाले मी बसतो. राघोबा म्हणाला मग मीही बसतो, तुमचा भरवसा नाही. बाकीचे खाली निघालो तेव्हा दोघं गाईच्या दोन बाजूंना बसलेले होते आणि राघोबा दाजींची विडी पेटवून देत होता. गाय केव्हा उठली आणि कोणीकडे चालली, ते दोघांनी कधीच कोणाला सांगितलं नाही. सकाळी पोवळी दाजींच्या गोठ्यात होती, आणि राघोबा धुरी दाजींच्या ओट्यावर बसून तिच्या दुधाचा चहा पीत होता. पुढे ती वर्षानुवर्षं पावसाळ्याचे दोन महिने इकडे आणि दोन महिने तिकडे राहिली. उरलेले आठ महिने गुरं मोकळीच असतात.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मी उड्या मारत घरी आले. चिखलाने भरलेली, इरलं फाटलेलं, पायाला दोन ठिकाणी लागलेलं. गोठ्यात हरणी बांधलेली होती, पुढ्यात पेंडीची पाटी. मला वाटलं सरूकाकींनी बांधली. स्वयंपाकघरात उजेड दिसला आणि जळका वास आला म्हणून मी धावले.

चुलीपाशी आबा उभे होते. एका पायावर. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात भाताची पळी. प्लास्टरचा पाय शेणामातीने भरला होता, म्हणजे गोठ्यातही तेच गेले होते. जमिनीवर पाट मांडलेला, समोर ताट, ताटाभोवती पाणी फिरवलेलं.

मी ओरडलेच, आबा, तुम्ही कशाला उठलात, डॉक्टरांनी काय सांगितलंय. त्यांनी ते ऐकलं नाही. पाटाकडे बोट दाखवलं.

"बस," ते म्हणाले. "राखण करून इलेल्या माणसाक घरातल्या मोठ्या माणसान वाढूचा. असो नियम आसा."

हा नियम मला कोणी सांगितला नव्हता. दहा महिने मी रोज त्यांना वाढून, ते उठल्यावर जेवत आले होते. मी तशीच चिखलाच्या पायांनी पाटावर बसले आणि मला रडू कोसळलं. आबा गोंधळले. त्यांना वाटलं मी ताटाकडे बघून रडतेय.

"भात करपलो हा," ते अपराध्यासारखे म्हणाले. "गाय बांधूक गेलंय, तवसर लागलो."

मी तो भात दोनदा मागून घेतला.